शेवाळाच्या सापळ्यांत शिसें

शिसें हा मोठा गरीब दिसणारा धातु आहे. सोन्याचें तेज त्याला नाहीं, लोखंडाची कठिणताही नाहीं. नखानें ओरखडा उमटावा इतका तो मऊ, आणि थोड्याशा आंचेनें वितळून जाणारा. अमरकोशांत त्याचीं नाग, सीसक, योगेष्ट आणि वप्र अशीं नांवें दिलेलीं आहेत. त्यांपैकीं पहिलें आम्हांस नेहमींच सूचक वाटत आलें आहे. व्युत्पत्तिकार कांहींही म्हणोत. अडगळींत निमूट पडून राहणारा आणि चावा घेतल्याखेरीज ओळख न देणारा असा हा धातु नाग या नांवास पात्र आहे खरा.

आपल्या घरांत शिसें नाहीं असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं जरा सभोंवार पाहावें. मारुतीच्या मूर्तीला पूर्वापार जो शेंदूर लावीत आले, तो मुळांत शिसें व प्राणवायु यांचा संयोग होय. जुन्या वाड्याच्या दारांखिडक्यांवर तैलरंगाचे जे थरावर थर चढले आहेत, त्यांतही शिसें असण्याचा पुष्कळ संभव आहे. घरगुती रंगांतील शिशावर दहा लक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आपल्या देशांत सन २०१६ च्या नियमांनीं घातली, आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. त्यापूर्वींचे थर जागच्या जागींच आहेत. पण या सर्वांहून मोठा सांठा बहुतेक घरांत जिन्याखालीं किंवा माडीच्या कोपऱ्यांत असतो, आणि त्याकडे कोणाचें लक्ष नसतें. वीज गेल्यावर पंखे चालूं ठेवणाऱ्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास-साठ किलो वजनाची असते, व त्यांतलें निम्म्याहून अधिक वजन शिशाचें असतें. पेटी धड आहे तोंवर या शिशाचा कोणास उपद्रव नाहीं. उपद्रव सुरू होतो तो ती निकामी होऊन भंगारांत गेल्यावर.

भंगारांत गेलेली बॅटरी सर्वत्र नीट कारखान्यांतच पोहोंचते असें नाहीं. कोठें तरी गल्लीबोळांत ती फोडतात, आंतलें आम्ल गटारींत ओततात आणि पत्रे उघड्या भट्टींत वितळवितात. आफ्रिकेंत सेनेगाल देशाच्या डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नांवाची वस्ती आहे. तेथें जुन्या बॅटऱ्यांतील शिसें काढण्याचा असाच उद्योग चालत असे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवघ्या पांच महिन्यांत तेथील १८ मुलें शिशाच्या विषानें दगावलीं. हें दूरच्या देशांतलें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनीं सन २०२० मध्यें जो अहवाल काढला, त्यांत जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या रक्तांत दर दशांश लिटरमागें ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें असल्याचा अंदाज दिला असून, त्यांपैकीं साडेसत्तावीस कोटि मुलें एकट्या हिंदुस्थानांतील मानिलीं आहेत. सन २००० पासून आपल्या देशांत शिसेंमिश्रित पेट्रोल बंद झालें. तरीही हा आंकडा एवढा आहे.

शिसें शरीरांत शिरतें कसें, हें थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचनाची किल्ली तेथेंच आहे. वाढत्या मुलाच्या हाडांस कॅल्शियम हवें असतें. शिशाचा विद्युद्भारित कण शरीराच्या दृष्टीनें कॅल्शियमच्या कणाशीं इतका मिळताजुळता असतो, कीं शरीर फसतें आणि कॅल्शियमच्या जागीं शिशाला घेतें. तें हाडांत जाऊन वर्षानुवर्षें राहतें. पुढें तीच मुलगी गरोदर झाली कीं हाडांतलें कॅल्शियम गर्भासाठीं निघूं लागतें, व त्याबरोबर लहानपणचें शिसेंही बाहेर पडून गर्भापर्यंत पोहोंचतें. मेंदूला या विषाची झळ सर्वांत आधीं लागते. मुलाची बुद्धि मंदावते, चित्त एकाग्र होत नाहीं, स्वभाव चिडका होतो. जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें असें आहे, कीं रक्तांत शिशाचें जें निर्धोक म्हणतां येईल असें कोणतेंच प्रमाण ठाऊक नाहीं. आम्हीं चाळीस वर्षें वर्गांत काढलीं. आजही एखाद्या मुलाला कोणी 'मठ्ठ' म्हटलें कीं त्याच्या घराशेजारीं काय चालतें हें आधीं विचारावेंसें आम्हांस वाटतें.

आतां पाण्याकडे वळूं. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसें असूं नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा तसाच भारतीय मानकाचाही दंडक आहे. कारखान्यानें नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठीं ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. हे आंकडे किती बारीक आहेत हें त्रैराशिकानें पाहावें. एक ग्रॅम शिसें, म्हणजे वाटाण्याहूनही लहान कण, विरघळला तर एक लक्ष लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेच्या टोंकाला आणून सोडतो. दहा हजार लिटरचे दहा टँकर! आणि बॅटरीच्या एका कारखान्यांत पत्रे धुण्याचें, जमीन धुण्याचें व आम्ल सांडल्याचें पाणी रोज निघतच असतें.

हें पाणी शुद्ध करण्याची रूढ रीत चुन्याची आहे. चुना घातला कीं विरघळलेल्या शिशाचा सांका बनून तळाशीं बसतो. रीत स्वस्त आहे, आणि शिसें भरपूर असतां चांगलीही आहे. परंतु तिच्यांत दोन उणिवा आहेत. सांका बसल्यावरही थोडें शिसें पाण्यांत राहतेंच, आणि चुना प्रमाणाबाहेर पडला तर बसलेलें शिसें पुनः विरघळूं लागतें. दुसरें असें, कीं तळाशीं जो चिखल सांचतो तो फार, आणि तोही विषारीच. त्याला पुरावयाचें कोठें? शेवटचें थोडें शिसें काढण्यासाठीं कृत्रिम राळेचे दाणे मिळतात. ते उत्तम काम देतात, पण लहान कारखानदाराच्या खिशाला जड जातात. शेवाळाचा प्रवेश होतो तो याच ठिकाणीं, चुन्याचें काम संपल्यानंतर.

येथें आमचे कांहीं मित्र तत्काळ सुश्रुताचें नांव घेतील. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत गढूळ पाणी निवळण्याचीं सात द्रव्यें सांगितलीं आहेत, व त्यांत कतक म्हणजे निवळीच्या बीबरोबर शैवालमूलही आहे हें खरें. पण ओढाताण करूं नये. शेवाळाला खरें मूळ नसतें. तेव्हां तें शैवाल म्हणजे कोणती तरी पाणवनस्पति असावी. शिवाय गढूळपणा वेगळा आणि विरघळलेलें शिसें वेगळें. गढूळपणा डोळ्यांस दिसतो, आणि निवळीनें तो खालीं बसतो. शिसें विरघळलेलें पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसूं शकतें. पूर्वजांनीं जें केलें तेंच पुष्कळ आहे. न केलेलें त्यांच्या पदरीं बांधण्याचें कारण नाहीं.

शेवाळ शिसें धरतें ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर दृष्टीस पडली ती अमेरिकेंतील मिसुरी संस्थानांत. तेथें १९६० नंतरच्या दशकांत शिशाच्या नव्या खाणी सुरू झाल्या, आणि खाणींचें पाणी जेथें ओढ्यांस मिळे तेथें हिरव्या शेवाळाचे दाट गालिचे माजूं लागले. रोला येथील विद्यापीठांतील गेल व विक्सन यांनीं ते तपासले, तेव्हां त्यांत शिसें सांचलेलें आढळलें. पुढें एका गिरणीनें मुद्दाम उथळ, नागमोडी पाट खणून त्यांत शेवाळ वाढविलें, आणि गिरणीचें सांडपाणी त्या वळणावळणांतून संथपणें सोडलें. पाण्यांतील बहुतांश धातु वाटेंतच अडकूं लागला. नागाला नागमोडी वाटेनेंच धरावें हा योग मौजेचा खरा! मात्र जिवंत शेवाळाची एक अडचण आहे. तें आज ना उद्यां मरतें, कुजतें किंवा पुरांत वाहून जातें, आणि धरून ठेवलेलें शिसें पुढच्या ओढ्याला देऊन टाकतें. आपल्याकडे मुळा-मुठेवर पसरणाऱ्या जलपर्णीचीही गोष्ट तीच. ती मुळांत शिसें सांठविते. पण ती काढून खत केलें किंवा गुरांपुढें टाकली तर तें शिसें फिरून शेतांत आणि गोठ्यांत येणार.

म्हणून पुढचें पाऊल विचित्र वाटलें तरी बरोबर होतें. शेवाळ जिवंत ठेवूंच नये. तें वाळवावें, भरडावें, आणि त्या मेलेल्या भुसकटांतून पाणी गाळावें. मेलेल्याला खाद्य लागत नाहीं, ऊन लागत नाहीं, विष बाधत नाहीं. कॅनडांत माँट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठांत बोहुमिल व्होलेस्की यांनीं १९८० नंतर या विषयाला जणूं वाहूनच घेतलें. सन १९९४ मध्यें होलान व व्होलेस्की यांनीं निरनिराळ्या समुद्रशेवाळांची चांचणी प्रसिद्ध केली, तींत तपकिरी शेवाळें सर्वांत सरस ठरलीं. एक ग्रॅम वाळलेल्या शेवाळानें २७० मिलिग्रॅमपर्यंत शिसें धरलें. पहिला क्रमांक फ्यूकसचा, दुसरा ॲस्कोफायलमचा आणि तिसरा सार्गासमचा. पहिलीं दोन थंड समुद्रांतलीं. सार्गासम मात्र आपल्या रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरही वाढतें. ज्यांनीं पावसाळा ओसरल्यावर तो किनारा पाहिला असेल त्यांच्या पायांत तें लहान लहान फुगे असलेलें तपकिरी शेवाळ अडकलें असेल.

मेलेल्या शेवाळांत असें काय असतें? त्याच्या पेशींच्या भिंतींत अल्जिनिक आम्ल नांवाचा चिकट पदार्थ असतो. स्टॅनफर्ड नांवाच्या ब्रिटिश रसायनज्ञानें तो सन १८८१ च्या सुमारास प्रथम वेगळा केला. आईस्क्रीम दाट करण्यास तो वापरतात, आणि दंतवैद्य कवळीचें माप घेतांना तोंडांत जो गार लगदा भरतात तोही त्याचाच. या पदार्थाच्या लांब साखळ्या असतात व त्यांवर ठिकठिकाणीं आम्लाच्या जागा असतात. त्या जागांस पाट समजावें आणि साखळीस पंगत. समुद्राच्या पाण्यांत असतांना या पाटांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मंडळी बसलेलीं असतात. शिशाचें पाणी आंत आलें कीं शिसें येऊन कॅल्शियमला उठवितें आणि स्वतः त्या पाटावर बसतें. उठलेलें कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातें, त्याचा कोणास त्रास नाहीं. अल्जिनिक आम्लाची ही आवडनिवड हौग या नॉर्वेजियन संशोधकानें १९६० च्या सुमारास मोजून ठेविली. तींत सर्वांत मानाचा पाहुणा शिसें. नंतर तांबें, मग कॅडमियम, बेरियम, स्ट्राँशियम, आणि कॅल्शियम त्यांच्याही मागें.

या बैठकीचा आकार कसा, हें सन १९७३ मध्यें ब्रिटिश संशोधकांनीं सुचविलें. दोन साखळ्या समोरासमोर येतात, त्यांच्या वळणांत खळगे तयार होतात, आणि प्रत्येक खळग्यांत धातूचा एक कण बसतो. त्यांनीं याला अंडीं ठेवण्याच्या खोक्याची उपमा दिली. आमच्या वाचकांच्या घरांत आप्पेपात्र अधिक ओळखीचें असेल; एकावर एक पालथीं घातलेलीं दोन आप्पेपात्रें डोळ्यांसमोर आणावींत म्हणजे झालें. शिशाचा कण या खळग्यांत असा कांहीं चपखल बसतो कीं कॅल्शियमला तेथें टिकाव लागत नाहीं.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. ज्या खोडीनें शिसें मुलाच्या हाडांत कॅल्शियमची जागा बळकावतें, तीच खोडी त्याला शेवाळांत अडकविते. नवी विद्या लागत नाहीं; त्याची संवय ओळखून हाडांच्या आधीं दुसरा पाट मांडावयाचा, एवढेंच.

पंगतीचेच दुसरे कांहीं नियमही येथें लागूं पडतात. पाणी फार आंबट असेल तर आम्लाचे असंख्य कण न बोलावितां येऊन पाट अडवितात व शिशाला जागा राहत नाहीं. म्हणून आम्लता बेताची, शास्त्रज्ञांच्या मापांत पीएच चार ते पांच, ठेवावी लागते. उलट पक्षीं तेंच तत्त्व शेवाळ पुनः रिकामें करण्यास उपयोगीं पडतें. शेवाळ भरलें कीं त्यावरून सौम्य आम्ल सोडावें. सगळें शिसें एकदम उठतें आणि बादलीभर द्रवांत गोळा होतें. शेवाळ धुऊन फिरून वापरतां येतें. असे कांहीं फेरे त्याला सोसतात. कच्चें शेवाळ पाण्यांत फुगतें व त्यांतील चिकट अंश विरघळून जातो, म्हणून त्याला आधीं चुन्याच्या क्षारांत भिजवून घट्ट करून घेतात.

आतां थोडा हिशेब. समजा, चुन्याच्या टांकींतून निघालेल्या पाण्यांत लिटरमागें ५ मिलिग्रॅम शिसें उरलें आहे. किलोभर शेवाळानें प्रयोगशाळेंतला २७० ग्रॅमचा आंकडा पुरा गांठला, तर ५४ हजार लिटर पाणी निघेल. पण तसें होत नाहीं. पाहुणे थोडे असले कीं सर्व पाट भरत नाहींत; पाण्यांतलें शिसें जितकें कमी तितकें शेवाळ कमी भरतें. लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें सन १९१८ मध्यें याचें गणित मांडलें आहे. त्यांतच सांडपाण्यांत दुसरे क्षार असतात, तेही जागा अडवितात. तेव्हां दशांश यश धरूं. तरी किलोभर वाळल्या शेवाळामागें पांच हजार चारशें लिटर. हें थोडें नव्हे.

समुद्र ज्यांच्या जवळ नाहीं त्यांनीं दुसरे पदार्थ घेऊन पाहिले आहेत. पेनिसिलिन बनवितांना उरणारी बुरशी तर फुकट जाणारी वस्तु. तिनें ग्रॅममागें शंभराहून थोडें अधिक मिलिग्रॅम शिसें धरल्याचें सन १९९३ मध्यें व्होलेस्की व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. आपल्या पिंपरीस सन १९५४ मध्यें स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत एके काळीं हीच बुरशी हंडेच्या हंडे वाढविली जाई. ब्राझीलमध्यें सन २०११ त केळ्याच्या सालींचा भुगा करून नदीच्या पाण्यांतील शिसें व तांबें पकडण्यांत आलें. भाताचा कोंडा, काथ्या, लांकडाचा भुसा, कोळंबीचीं कवचें, सर्वांवर प्रयोग झाले आहेत. यांतील पुष्कळसे निबंध एकसारखे आहेत हेंही सांगितलें पाहिजे. शुद्ध पाण्यांत शिशाचा क्षार विरघळवावा, त्यांत घरचा एखादा कचरा टाकावा, आणि शेंकडा नव्वद शिसें गेलें असें लिहावें. कारखान्याच्या खऱ्या पाण्यांत तेल, साबण, लोह, चुना असें सगळें असतें. तेथें कोणी जाऊन पाहत नाहीं. मनुस्मृतींत एक दृष्टान्त आहे, कीं निवळीचें फळ पाणी निवळतें, पण नुसतें तिचें नांव घेऊन पाणी निवळत नाहीं. 'जैविक' या शब्दाची आजकाल तशीच गत झाली आहे.

मग ही विद्या बाजारांत उतरली नाहीं काय? उतरली होती. अमेरिकेंत एका कंपनीनें क्लोरेला नांवाचें सूक्ष्म शेवाळ सिलिकेंत बसवून 'अल्गासॉर्ब' या नांवानें विकावयास काढलें. तेथील सरकारच्या खाणखात्यानें दलदलींतलें वाळलेलें शेवाळ व इतर पदार्थ प्लॅस्टिकच्या मण्यांत कोंडून 'बायो-फिक्स' तयार केलें. तें खातेंच सन १९९६ मध्यें बंद झालें. दोन्हींचा म्हणावा तसा प्रसार झाला नाहीं. आमच्या मतें यांत शेवाळाचा दोष थोडा आहे. राळेचा दाणा बारा महिने सारखा निघतो. शेवाळ मात्र ऋतूप्रमाणें व किनाऱ्याप्रमाणें बदलतें. तें गोळा करणारा एक, वाळविणारा दुसरा, वापरणारा तिसरा. या तिघांची सांगड घालणारा व्यापारी अजून पुढें आलेला नाहीं. मोठा कारखाना राळ विकत घेतो, आणि लहान कारखाना कांहींच घेत नाहीं.

कच्च्या मालाची तर ददात नाहीं. सन २०११ पासून अटलांटिक महासागरांत सार्गासमचा प्रचंड पट्टा दिसूं लागला आहे. सन २०१८ च्या जून महिन्यांत त्याची लांबी ८,८५० किलोमीटर आणि वजन दोन कोटि टनांहून अधिक भरलें. कॅरिबियन बेटांचे किनारे त्याच्या ढिगांनीं कुजतात. त्याचा असा उपयोग करावा हें अनेकांस सुचलें आहे, पण त्यांत सोमलाचा अंश असतो, तेव्हां एक विष काढतांना दुसरें पाण्यांत उतरणार नाहीं हें आधीं पाहावें लागतें. आपल्या कोंकणपट्टींत असे ढीग नाहींत, आणि खडकांवरचें शेवाळ सरसकट ओरबाडून चालणार नाहीं. माशांचीं पिलें त्यांतच वाढतात.

हें वाचून कोणी उत्साही तरुण घरच्या माठांत शेवाळ टाकूं पाहील म्हणून सांगून ठेवतों: तसें मुळींच करूं नये. ही युक्ति कारखान्याच्या सांडपाण्याची आहे, पिण्याच्या पाण्याची नव्हे. घरच्या पाण्याविषयीं शंका असेल तर तें प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. उकळण्यानें शिसें जात नाहीं. पाणी आटतें तसें उलट वाढतें. तुरटीचाही भरंवसा धरूं नये. घरानें करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला चार पैसे अधिक मिळतात म्हणून देऊं नये, नवी घेतांना दुकानदाराच्याच हवालीं करावी. सन २००१ च्या व त्यांच्या जागीं आलेल्या सन २०२२ च्या नियमांप्रमाणें ती परत घेऊन नोंदलेल्या कारखान्याकडे पोहोंचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

एक प्रश्न राहिला. शेवाळांत धरलेल्या शिशाचें पुढें काय? शिसें हें मूलद्रव्य आहे. तें कुजत नाहीं, जळून नाहींसें होत नाहीं. फक्त जागा बदलतें. चुन्याच्या चिखलांत तें ढिगाऱ्याएवढें पसरलेलें असतें. शेवाळाच्या रीतींत तेंच आम्लाच्या एका बादलींत येतें, आणि ती बादली शिसें गाळणाऱ्या कारखान्यांत परत जाऊन त्याची पुनः बॅटरी होऊं शकते. निकामी झालेलें शेवाळही योग्य भट्टींत, धूर कोंडून, जाळावें लागतें. त्याची राखही तिकडेच. लहान कारखान्यास यासाठीं दोन पिंपें पुरतात. पाणी आधीं पहिल्यांतून, मग दुसऱ्यांतून सोडावयाचें. पहिलें भरलें कीं तें धुण्यास काढावयाचें, दुसरें पुढें आणावयाचें आणि त्याच्यामागें नवें लावावयाचें. पहिल्या पिंपांतून शिसें निसटूं लागलें हें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून दोहोंच्या मधलें पाणी नियमानें तपासावें लागतें. आणि तें तपासणारा माणूसच अशा कारखान्यांतून बहुधा नेमलेला नसतो.